६८ मुळे सोडलेला गेम

२०१० मध्ये निअर आला तेव्हा मी तो घेतला नाही. कारण एकच, मेटाक्रिटिकवर (सगळीकडचे रिव्ह्यू एकत्र करून एक स्कोअर देणारी साइट) प्लेस्टेशन ३ वाल्या निअरला शंभरपैकी ६८ होते. एकही रिव्ह्यू उघडून वाचला नाही, आकडा बघितला आणि विषय संपवला. मग २०२१ ला तोच गेम निअर रेप्लिकंट म्हणून नव्याने आला, यावेळी स्कोअर ऐंशीच्या वर होता म्हणून घेतला, आणि पहिला शेवट झाल्यावर पुन्हा खेळायला घेतला तर आधी ज्यांना मी बिनधास्त कापत सुटलो होतो ते शत्रू काय बोलत होते ते कळायला लागलं (ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो). त्या रात्री कंट्रोलर बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

आता गंमत बघा, ही गोष्ट २०१० मध्येही होती. नव्या वेळी लढाई सुधारली, ग्राफिक्स सुधारले, पण मला ज्याने हलवलं ते अकरा वर्षं तिथेच पडून होतं. नंतर मी जुने रिव्ह्यू शोधून वाचले. त्यात चुकीचं काही नव्हतं, ग्राफिक्स फिके होते, साइड क्वेस्ट म्हणजे हे आण आणि ते आण एवढंच होतं. पण त्याच रिव्ह्यूंमध्ये संगीताचं कौतुक होतं, हा गेम मध्येच आपलं रूप कसं बदलतो ते होतं. म्हणजे मला हवी ती माहिती समीक्षकांनी तेव्हाच लिहून ठेवली होती, मीच वाचली नाही. म्हणून हे लिहितोय, कारण आजही कुठल्याही नवीन गेमबद्दल विचारलं की पहिलं उत्तर येतं "किती मिळालेत?"

मेटाक्रिटिक २००१ ला सुरू झालं. वेगवेगळ्या ठिकाणचे रिव्ह्यू गोळा करून शंभरपैकी एक आकडा काढायचा, पण ही साधी सरासरी नाही, काही प्रकाशनांना जास्त वजन, काहींना कमी, आणि कोणाला किती ते सांगत नाहीत. मला मुळात खटकतं ते हे की ज्याने दहापैकी पाच दिला आणि ज्याने नऊ दिला त्या दोघांचं मिळून सत्तर होतं, आणि सत्तर हे त्या दोघांपैकी कोणाचंच मत नसतं! सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे डेडली प्रिमोनिशन, २०१०, एक्सबॉक्स ३६०. आयजीएन या गेमिंग साइटने दहापैकी २ दिले आणि डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटने दहापैकी १०. आता याची सरासरी काढून कोणाला काय कळणार? पण दोन्ही रिव्ह्यू वाचले की लगेच कळतं की बेढब कंट्रोल आणि जुनाट ग्राफिक्स दोघांनाही दिसलेत, फक्त एकाला ते सहन झालं नाही आणि दुसऱ्याला गेममधल्या त्या विचित्र गावात आणि त्याच्या नायकाच्या, त्या एजंटच्या बडबडीत दुसरीकडे कुठे न मिळणारं काहीतरी सापडलं. मग आपण कुठल्या बाजूचे ते आपलं आपल्याला ठरवता येतं. मला रिव्ह्यूकडून हेच हवं असतं.

जपानच्या फामित्सू मासिकाची पद्धत मला म्हणूनच आवडते. चार जण तोच गेम खेळतात, प्रत्येकजण दहापैकी मार्क देतो, बेरीज चाळीसपैकी होते, पण चौघांचे आकडे वेगवेगळे छापतात आणि प्रत्येकाच्या चार ओळी असतात. पहिले चाळीसपैकी चाळीस १९९८ मध्ये झेल्डाच्या ओकारिना ऑफ टाइमला मिळाले. चार ओळींत फार काही मावत नाही हे मान्य, पण मतभेद झाकला तरी जात नाही. आणि ब्रिटनचं एज मासिक, १९९३ ला सुरू झालं, त्यांनी पहिला दहापैकी दहा दिला तो थेट १९९६ मध्ये सुपर मारियो ६४ ला. त्यांच्याकडे पाच म्हणजे खरंच मधला. बाकी सगळीकडे आता सात म्हणजे नापास अशी अवस्था झालीये, सातच्या खालचे आकडे जवळजवळ वापरातच नाहीत. २००६ मध्ये गेमस्पॉट या साइटने झेल्डाच्याच ट्वायलाइट प्रिन्सेसला दहापैकी ८.८ दिले तर लोक चिडले होते. ८.८ ला!

आणि या आकड्याची किंमत गेम बनवणारे मोजतात, हे मला जास्त लागतं. फॉलआउट न्यू वेगास हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तरच होता, मिळाले ८४. हे ऑब्सिडियनच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये स्वतः सांगितलं. एका पॉइंटने गेलं सगळं. गेम सुरुवातीला बगांनी भरलेला होता हे खरंय, त्यासाठी समीक्षकांनी मार्क कापले ते योग्यच केलं, पण त्यातल्या एकानेही हे लिहिताना "या लोकांना बोनस द्यावा का" असा निकाल दिला नव्हता. त्यांनी खेळणाऱ्यासाठी लिहिलं आणि ते वापरलं गेलं भलतीकडेच.

दबाव उलट्या बाजूनेही येतो. नोव्हेंबर २००७ मध्ये केन अँड लिंच या गेमला गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमन यांनी दहापैकी ६ दिले, त्याच वेळी त्याच गेमच्या जाहिराती गेमस्पॉटवर झळकत होत्या, आणि त्यांची नोकरी गेली. खरं कारण ते उघडपणे बोलू शकले २०१२ मध्ये. म्हणून "रिव्ह्यूअर सगळे विकले गेलेत" असं कोणी सहज म्हणालं की मला राग येतो, कारण सहा देऊन नोकरी घालवणारी माणसंही याच धंद्यात आहेत.

कन्सोलवाल्यांनी विसरू नये असा प्रसंग म्हणजे सायबरपंक २०७७, डिसेंबर २०२०. रिलीजच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली, स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायलाही बंदी. त्या रिव्ह्यूंवरून कौतुक झालं, लोकांनी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आधीच पैसे भरले होते, आणि हातात आलं ते क्रॅश होणारं, धूसर, अडखळणारं काहीतरी. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, परत आला तो जून २०२१ मध्ये. आज मेटाक्रिटिकवर बघा, पीसी ८६, प्लेस्टेशन ४ ला ५७. एकाच नावाचा गेम! तेव्हापासून मी रिव्ह्यू उघडला की आधी शोधतो की हे कुठल्या मशीनवर खेळून लिहिलंय, आणि ते लिहिलेलंच नसेल तर पुढे वाचत नाही.

हँडहेल्डवर खेळणाऱ्यांची तर यात कायमच उपेक्षा होते. निन्टेंडोचा स्विच डॉकमध्ये लावून मोठ्या टीव्हीवर खेळायचा आणि रिव्ह्यू लिहायचा, आणि आम्ही हातात धरून खेळणारे! आम्हाला हवं ते वेगळंच असतं, छोट्या स्क्रीनवर अक्षरं वाचता येतात का, बॅटरी किती खातो, मध्येच स्लीपला टाकून तीन तासांनी उघडला तर जिथल्या तिथे सुरू होतो का, वीस मिनिटांच्या तुकड्यांत खेळायला बरा आहे का की सेव्ह पॉइंट दीड तासावर आहे. १९८९ चा गेम बॉय आठवा, हिरवट पडदा, मागून लाइट नाही, रंग नाहीत. सेगाच्या गेम गिअरला रंग होते, लाइट होता, पण सहा सेल तीनेक तासांत, फार तर पाच तासांत संपायचे. तिथे गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. कागदावर गेम गिअर सरस, हातात गेम बॉय, आणि बाजी कोणी मारली ते सगळ्यांना माहितीये. हातातल्या मशीनचा निकाल हातात धरूनच द्यावा लागतो, याला दुसरा मार्ग नाही.

निन्टेंडोच्याच थ्रीडीएस या हँडहेल्डवरचा पोकेमॉन ओमेगा रुबी आणि अल्फा सफायर आठवतोय का, २०१४? आयजीएनने ७.८ दिले आणि शेवटच्या उणिवांच्या यादीत "पाणी फार आहे" असं लिहिलं. जगभर त्याची टिंगल झाली, अजून होते. पण आतला मजकूर वाचा. उत्तरार्धात इतका समुद्र पार करायचा की त्यासाठी पाण्यातल्या चाली शिकवलेले पोकेमॉन सोबत ठेवावेच लागतात, आणि समोरूनही पुन्हा पुन्हा पाण्यातलेच येतात, त्यामुळे टीमचा समतोल जातो. पटो न पटो, हा नीट विचार करून मांडलेला मुद्दा आहे, तो तीन शब्दांत कोंबला म्हणून तो रिव्ह्यू लिहिणाऱ्या बाईंना इतकी वर्षं ऐकून घ्यावं लागतंय. मला हे अन्यायाचं वाटतं.

"मग समीक्षक नकोतच, खेळणाऱ्यांचा स्कोअर बघू" म्हणणाऱ्यांसाठी, द लास्ट ऑफ अस पार्ट टू, जून २०२०. वीस-पंचवीस तासांचा गेम आणि रिलीजच्या काही तासांतच शून्य मार्कांचा पूर, खेळून झालेला असणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यावर पहिले ३६ तास लोकांचे मार्क घेणंच बंद केलं.

युरोगेमर या ब्रिटिश साइटने २०१५ मध्ये आकडे काढून टाकले होते, थोडक्यांना शिफारस द्यायची आणि बाकी मजकूर वाचा म्हणायचं. मला ते फार आवडलं होतं. २०२३ मध्ये ते पाच स्टारवर परत आले. का आले असतील ते समजू शकतो, पण वाईट वाटलं.

मी आता पाचसहा लिहिणारे धरून ठेवलेत. त्यातल्या एका बाईंशी माझं जवळजवळ कधीच पटत नाही, मला आवडणारे लांबलचक जपानी आरपीजी (एखादं पात्र घेऊन मोठी कथा खेळायचे गेम) त्यांना कंटाळवाणे वाटतात, आणि का वाटतात ते त्या इतकं बारकाईने लिहितात की त्यांनी "तिसाव्या तासालाही नवीन गोष्टी शिकवतच राहतो" अशी तक्रार केली की मी तो गेम त्याच दिवशी घेतो. तुम्ही कोणाचं वाचता ते कमेंटमध्ये सांगा, आकडे नकोत, लिहिणाऱ्यांची नावं द्या.