कोकणात आलात तर एक दिवस रिकामा ठेवा

मालवणला चार दिवस राहून आलो. परतताना फोंडा घाटात मुलांना विचारलं, सगळ्यात जास्त कुठला दिवस आवडला? दोघंही एकदम म्हणाली, "कुठेच गेलो नाही तो!" तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

पहिले दोन दिवस आम्हीही यादी घेऊन पळत होतो. तारकर्लीला स्कूबा, देवबागहून डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, सगळं झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं मात्र मला अजून वाईट वाटतंय. १६६४ साली काम सुरू करून महाराजांनी भर समुद्रात, कुरटे बेटावर उभा केलेला किल्ला आणि आमच्या हातात तासभर, कारण होडी परत निघणार होती. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. लेकीला तिथे थांबून बघायचं होतं आणि मी तिचा हात धरून तिला पुढे ओढत होते.

तिसऱ्या दिवशी तोंडवळीला, जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी चहा देताना विचारलं, "आज खंय जातलात?" नवऱ्याने मोबाइलमधली यादी काढली. सासूबाई म्हणाल्या, "माझी आज संकष्टी आहे, मी काही गाडीत बसत नाही. तुम्ही या जाऊन." त्यांना एकट्यांना सोडून जायचं कुणाच्या जिवावर येईना. राहिलो.

काकूंच्या सासऱ्यांनी मुलांना भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. लेकीने लगेच पौर्णिमेचं, अष्टमीचं गणित करून बघितलं. शाळेतला पाऊणचा पाढा पहिल्यांदाच कुठेतरी कामाला आला.

नऊला खाली गेलो तर पाणी खरंच लांब गेलेलं. ओल्या वाळूवर मोहरीपेक्षा जरा मोठ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पाऊल वाजलं की सगळे एका क्षणात गडप. धाकटा, जो घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो पाऊण तास पोटावर पालथा पडून एका बिळाकडे बघत होता. मला त्याला हाक मारावीशी वाटली नाही.

पुढे रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून आणलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे गावची माणसं. आम्हीही दोराला हात लावला. तळहात लाल झाले. जाळ्यात तारली होती, थोडे बांगडे. वाटे घालताना त्यांनी आमच्या हातावरही पाच-सहा बांगडे ठेवले, नको म्हटलं तरी. पर्ससीनवाल्यांमुळे, म्हणजे यांत्रिक बोटींनी मोठं जाळं टाकून मासळी घेरणाऱ्यांमुळे, किनाऱ्याला मासळी येत नाही हे दुःख ते सांगत होते, आणि तरी आम्हाला वाटा देत होते.

त्या बांगड्यांचं काकूंनी तिरफळं घालून तिखलं केलं. पाहुणे दुपारी घरी जेवायला असले की बरं वाटतं म्हणाल्या, नाहीतर सकाळी आठला जातात ते रात्री झोपायलाच येतात. जेवून ओटीवर आम्ही सगळे झोपलो. तीनला उठलो तेव्हा लाटांचा आवाज जवळ आला होता.

दोन वर्षांपूर्वी फुकेतला गेलो होतो. तिथेही पहाटे उठून स्पीडबोट, फी फी बेट, फोटो, पुढचा पॉइंट. शेजारच्या खुर्चीवर परदेशी माणसं दिवसभर एक पुस्तक घेऊन पडलेली असायची आणि आम्हाला वाटायचं, एवढे पैसे खर्चून काय ही झोपतात! चूक आमची होती. आपण सुट्टीलाही कामासारखं जुंपून घेतो, पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून. मुलांना समुद्र दाखवायला नेतो आणि समुद्राकडे बघायला वेळच देत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, चार दिवस जाणार असाल तर एक दिवस काहीही ठरवू नका. मुलं कंटाळतील अर्धा तास, कंटाळू द्या.

रात्री नऊला पुन्हा ओहोटी होती. सासूबाई ताम्हण घेऊन अंगणात समुद्राकडे पाठ करून बसल्या, कारण आपल्या किनाऱ्यावर चंद्र उगवतो तो माडांच्या मागून. काकूंनी न सांगता उकडीचे मोदक केले होते. चंद्र झावळ्यांतून वर आला, आरती झाली आणि धाकट्याने आजोबांना विचारलं, उद्या पण याच वेळेला येणार का?

"फाल्या उशिरान येतलो," आजोबा म्हणाले. "दर्यापण तेच्यावांगडा." म्हणजे उद्या चंद्र उशिरा येणार, आणि दर्याही त्याच्याबरोबरच.