लोभी म्हणून मोकळे होऊ नका

फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ‘गेनबिटकॉइन’ या बिटकॉइन गुंतवणूक योजनेच्या फसवणूक प्रकरणात देशभर साठाहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या. पुणे, नांदेडसोबत त्यात आमचं कोल्हापूरही होतं. शाळेच्या ग्रुपवर तेव्हा एकच सूर लागला आणि विषय निघाला की आजही तोच लागतो : “महिना दहा टक्के पाहिजे होते, भोगा आता.” मला याचा संताप येतो. गुन्हा कुणाचा आणि तुम्ही बोट कुणाकडे दाखवताय?

गेनबिटकॉइनने पैसे घेतले ते बिटकॉइन मायनिंगच्या नावावर. मायनिंग पूल म्हणजे अनेकांची यंत्रं जोडून बिटकॉइन मिळवण्याचा सामाईक धंदा. बिटकॉइनच्या व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सापडला की बक्षीस मिळतं. ते आधी पूल चालवणाऱ्याच्या हाती पडतं, मग तो ज्याचा त्याला वाटा देतो. माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. तिथे हमाली, तोलाई, अडत वजा करून पट्टी व्हायची, पण सौदा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत निघायचा. पूलमध्ये सापडलेला ब्लॉक जगाला दिसतो. त्यात कुणाची यंत्रशक्ती किती, हे मात्र चालवणाराच सांगतो. फसवायला जागा आहे ती तिथेच.

गेनबिटकॉइनवाले अमित भारद्वाज यांचा जीबीमायनर्स हा पूल खरोखरच चालू होता, ब्लॉक सापडत होते. लोकांचा विश्वास बसला यात नवल काय? पण गेनबिटकॉइनचं आश्वासन होतं अठरा महिने, दरमहा दहा टक्के, तेही बिटकॉइनमध्ये. जुलै २०१६ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागचं बक्षीस २५ बिटकॉइनवरून साडेबारावर आलं. कमाई निम्मी झाली तरी परतावा तेवढाच कसा? हे निवृत्त मास्तरांनी ओळखायचं होतं का? २०१७ मध्ये परतावा एमकॅप नावाच्या घरच्या नाण्यात मिळू लागला. नव्या लोकांचा पैसा आटला म्हणून, असं सीबीआय सांगते.

एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना पकडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मी राहतो तिथे, अमेरिकेत, हार्टफर्डच्या फेडरल कोर्टाने जोश गार्झाला २१ महिन्यांची कैद दिली आणि ९० लाख डॉलरहून जास्त भरपाई भरायला लावली. त्याच्या जीएडब्ल्यू मायनर्स या मायनिंग कंपनीने होती त्याहून जास्त यंत्रशक्ती लोकांना विकली होती. विकलंस ते तुझ्याजवळ होतं का, हा तिथला मुद्दा होता. घेणारे हावरट होते की नव्हते, यावर गार्झा सुटला नाही. भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारले, निकाल न लागताच. त्यानंतर दोन महिन्यांत, तपासात मदतीला घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी. तपासातले बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. यावर ग्रुपवर कुणाला राग आला नाही.

“अमेरिकेत मॅडॉफ झालाच की,” असं मला ऐकवतात. मॅडॉफ म्हणजे गुंतवणूकदारांना बुडवणारा तिथला बडा ठग. झाला. डिसेंबर २००८ मध्ये अटक आणि पुढच्या जूनमध्ये दीडशे वर्षांची शिक्षा. दाखवा आपल्याकडे.

आमच्या नात्यातले एक काका एसटीतून निवृत्त झाले. अशाच दुसऱ्या एका योजनेत त्यांचा फंड बुडाला. तक्रार केली नाही. “पेपरात नाव आलं तर पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू?” त्यांना गळ घालणारा एजंट अजून लग्नात पहिल्या पंगतीला असतो. तुमच्या “भोगा आता”ने हेच होतं : बुडालेला घरात दडतो आणि बुडवणारा उजळ माथ्याने फिरतो.

“तू तिकडे बसून शिकवू नकोस” हे वाक्य मला लागतं, कारण त्यात तथ्य आहे. माझा पासपोर्ट निळा झाला, कोल्हापुरात मला मत नाही. इथे टाउनच्या बजेटला मत देतो, डंकिनमधून कॉफी घेतो, ८४ नंबरच्या हायवेवरून ऑफिस गाठतो; कुणाशी वाद नाही. गार्झाचा निकाल माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर लागला, तरी मी बातमी वाचून जेवायला गेलो. कोल्हापूरच्या झडतीची बातमी आली तेव्हा रात्रभर जागा होतो. इथल्या कुणावर माझा रागावण्याइतका हक्क आहे असं मला अजून वाटत नाही. तुमच्यावर वाटतो. तुम्ही तो नाकारलात तर मी कुठला, हे मला सांगता येणार नाही.

काकांचा तक्रार अर्ज मी लिहून काढलाय. फोनवर ते तयारही झालेत, पण पोलीस ठाण्यात एकटे जायला कचरतात. ग्रुपमधल्या कुणीतरी दोघांनी त्यांच्याबरोबर जा.