पाणीच तर आहे

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. चुलतभावानं गोठ्यातलं मोरचुदाचं टाकं ओढ्यात रिकामं केलं. खुरं सडू नयेत म्हणून ज्या निळ्या पाण्यातून गायी चालवतात, तेच. शेणामुतानं हिरवंकाळं झालेलं. मी ओरडले तर म्हणतो, "ताई, पाणीच तर आहे!"

पाणीच?

गेल्या पावसाळ्यात आत्याला लघवीचा संसर्ग झाला. साधाच. पहिली गोळी लागू पडली नाही, दुसरीही नाही. मग कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि पुढे आर, आर, आर. म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही. डॉक्टर तो कागद धरून बराच वेळ गप्प होते. नऊ दिवस सलाइनमधून औषध गेलं, तेव्हा आत्या घरी आली.

त्या यादीतली जेन्टामायसिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही नावं मी आमच्या गोठ्यातल्या फळीवर वाचली होती.

दगडी झाली, म्हणजे गायीची कास सुजली, की सडात औषधाची ट्यूब, ताप आला की इंजेक्शन. इंजेक्शनचं दूध डेअरीला चालत नाही, म्हणून ते वासराला, नाहीतर गटारात. शहरातल्या मंडळींनो, तुमचं दूध तपासतात हो. आमचा ओढा कोण तपासतं?

औषध निदान कधीतरी कुजून संपतं. मोरचुदातलं तांबं संपत नाही. कोंबड्यांच्या खाद्यातलं जस्त आणि तांबंही बरंचसं विष्ठेतून बाहेर पडतं आणि कोंबडखताबरोबर शेतात जातं. तांब्यातून वाचायची युक्ती आणि औषधातून वाचायची युक्ती जंतूंकडे काही वेळा जनुकांच्या एकाच तुकड्यावर असते. शेजारणीला विरजण द्यावं तसा हा तुकडा ते एकमेकांना देतात. म्हणजे उद्या औषध बंद केलं तरी मोरचूद अशा जंतूंना पोसत राहू शकतं! युरोपनं डुकरांच्या पिलांना औषध म्हणून झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्तच, देणं २०२२ मध्ये थांबवलं. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या जंतुनाशक औषधावर बंदी आली, चांगलंच झालं. २०२० मध्ये गोठ्यांच्या सांडपाण्याबद्दल प्रदूषण मंडळाच्या सूचनाही आल्या. आमच्या ओढ्यापर्यंत कुणी उतरलेलं मी तरी पाहिलं नाही.

हो, आत्याचा जंतू ओढ्यातूनच आला हे मला सिद्ध करता येणार नाही. माणसंही मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या खातात, मीही खाल्ल्यात. मान्य. पण आत्याचे हात चाळीस वर्षं शेणात आहेत, आणि तो रिपोर्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी राग जरा उतरला. दूध कवडीमोल झालंय, पेंड महाग, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं तर आधी खिसा चाचपायचा. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री आत्याला पिकअपमध्ये घालून यानंच नेलं होतं. तीही त्याची आत्याच. नऊ दिवस दवाखान्याच्या पायरीवर झोपला. रिपोर्ट आणायलाही तोच गेला होता. फक्त आर म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आत्ता त्याचा फोन आला होता. "ताई, मग टाकू कुठं?"

शेतात टाक म्हणावं तर तांबं मातीत साठणार. शोषखड्ड्यात सोड म्हणावं तर शेजारीच विहीर. मी नुसतंच "ओढ्यात नको" म्हणाले. परवा टाकं पुन्हा बदलायचंय. कुणी गोठेवाले असाल आणि काही करत असाल, तर त्याच्या आत सांगा.