रानअळंबी, चांदीचा चमचा आणि फिरता मेसेज

रानातल्या अळंबीबद्दलचा एक मेसेज पुन्हापुन्हा फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की मिठाच्या पाण्यात उकळली की अळंबीचं विष उतरतं. शिजताना चांदीचा चमचा किंवा लसणाची पाकळी टाकावी, काळी पडली नाही तर बिनधास्त खावी. किड्यांनी कुरतडलेली अळंबी निर्विषच असते. धुवू नये. दोन मिनिटं परतली की पुरे. आणि तासाभरात काही झालं नाही, तर पुढे काही होत नाही. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मानण्यासारखं नाही. एखाद्या चुकीने फक्त भाजी बिघडेल, एखादीने यकृत निकामी होईल.

«उकळली की विष उतरतं»

सगळ्यात घातक दावा हाच. अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा ‘डेथ कॅप’चा, म्हणजे अमानिटा फॅलॉइड्सचा. तिच्यातलं अमॅटॉक्सिन ही अमिनो आम्लांची बंद कडी असते. उकळा, तळा, वाळवा, गोठवा, ती तुटत नाही. यकृताच्या पेशींत शिरून ती नवी प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवते. शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम इतकी मात्रा जीव घ्यायला पुरते, आणि तेवढं विष एका मोठ्या छत्रीत असू शकतं. थोडं पाण्यात उतरलं, तरी उरलेल्याचं काय? चवीवरूनही कळत नाही, कारण वाचलेल्या रुग्णांनी ती चवदार लागल्याचं सांगितलं आहे.

या दाव्याला एक अर्धसत्य चिकटलेलं आहे. गायरोमिट्रा ही मेंदूसारखी सुरकुतलेली जात काही ठिकाणी दोनदा उकळून, पाणी फेकून खातात. तिच्या विषापासून बनणारं मोनोमिथिलहायड्रॅझिन ८७ अंशांच्या आसपास उकळतं आणि वाफेबरोबर उडतं. म्हणूनच बंद स्वयंपाकघरात त्या पातेल्यापाशी उभ्या माणसालाही बाधा होऊ शकते, आणि सगळं विष काही निघून जात नाही. एका जातीपुरता असलेला हा धोक्याचा उपाय सगळ्या अळंब्यांना लावणं म्हणजे निव्वळ जुगार.

«चांदी, लसूण, किडे»

चांदी गंधकाने काळी पडते. उकडलेल्या अंड्यानेही पडते. अमॅटॉक्सिनचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. लसणात तर स्वतःचाच गंधक असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र टाकणाऱ्याला निष्पाप अळंबीही विषारी ‘सापडेल’! किड्यांचं म्हणाल, तर गोगलगायी डेथ कॅप खातात, आणि काही फळमाश्यांच्या अळ्या अमॅटॉक्सिन पचवून तिच्यातच वाढतात.

ओळख पटवायची ती चुलीच्या आधी. अळंबी देठाशी कापू नका, बुडखा खणून अख्खी काढा. डेथ कॅपच्या बुडाशी असलेली पिशवी मातीतच राहिली, तर महत्त्वाची खूण गेली. छत्री झालर खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभरात बीजाणूंचा ठसा पडतो. त्याने फक्त चुकीच्या जाती बाद करता येतात, होकार मिळत नाही, कारण पांढरा ठसा डेथ कॅपचा असतो तसाच कित्येक खाद्य जातींचाही असतो. होकार जाणकाराचा, आणि तोही फोटोवरून नाही, प्रत्येक नग हातात घेऊन.

«धुवू नये»

अळंबीत मुळातच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. झटपट धुण्याने त्यात फारशी भर पडत नाही, तासभर भिजवली तर मात्र ती पाणी पिते. आधी ब्रशने माती झटका, बुडखा छाटा, वाहत्या पाण्याखाली काही सेकंद धरा आणि फडक्यावर पसरून कोरडी करा. मोरेल (गुच्छी) ही अळंबी आतून पोकळ असते, म्हणून आधी उभी चिरा. मुंग्या, वाळू, अळ्या सगळं आतच असतं. दाताखाली वाळू आलेली भाजी कुणी खात नाही.

«दोन मिनिटं परतली की पुरे»

२०२३ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या किंवा अर्धकच्च्या मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघे दगावले. मोरेल ही खाद्य जात. ओळख बरोबर असूनही शिजवण्यात कसूर झाली तर काय होतं, ते इथे दिसतं. नुसतं आंबट मुरवण घालणं म्हणजे शिजवणं नव्हे.

जास्त शिजवली की अळंबी चामट होते, ही भीतीही फुकाची. तिच्या पेशीभिंती कायटिन या चिवट पदार्थाच्या, त्या उष्णतेने विरघळत नाहीत. त्यामुळे वीस मिनिटांनीही तिचा लगदा होत नाही. पाव किलोचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा आणि रुंद तव्यात, तेलाशिवाय, मध्यम-मोठ्या आचेवर चिमूटभर मीठ टाकून ठेवा. पाणी सुटेल आणि आटेल, याला पाच ते सात मिनिटं लागतात. बुडबुड्यांचा आवाज थांबून चरचर सुरू झाली की चमचाभर तेल किंवा लोणी घाला आणि कडा तांबूस होईपर्यंत परता. एकूण पंधरा मिनिटं धरा. तेल आधी घातलं तर काप ते शोषून घेतात. तव्यात गर्दी केली तर काप परतले जात नाहीत, स्वतःच्या पाण्यात उकडतात. पहिल्यांदा खाताना एकच जात, दोन-तीन घास आणि पूर्ण दिवस थांबणं.

«तासाभरात कळतं»

डेथ कॅपचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. आधी उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, आणि त्याच वेळी यकृत खराब होत असतं. शाईछत्री (इंक कॅप) ही दुसरी एक जात नुसती खाल्ली तर काही होत नाही, पण नंतर तीन दिवसांत कधीही दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणून शिजवण्यापूर्वी प्रत्येक जातीची एक अख्खी कच्ची अळंबी कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ती सडते. त्रास सुरू झाला, तर बरं वाटण्याची वाट न पाहता तो नमुना, नसेल तर कचऱ्यातले देठ, सोबत घेऊन रुग्णालय गाठा. किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली, हे डॉक्टरांना आधी सांगा.