एकशे चौदा वजा सत्त्याऐंशी

माझं वजन ८७ किलो आहे ही बातमी आता बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला, टिळकवाडीतल्या माझ्या साडूला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक झालेली आहे. काल शर्ट परत देताना इस्त्रीवाला म्हणाला, "सर, पोटाजवळची शिवण उसवलीया." तो फक्त शिवणीबद्दलच बोलत होता असं मी धरून चाललोय.

झालं ते रविवारी, उपासनेनंतर. आमच्या तरुण संघाची अकरा पोरं-पोरी जुलैत दोन आठवडे केनियाला सेवेला निघालीत, एल्डोरेटच्या बाजूच्या एका खेड्यात. त्यांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे. मी सात पानांची टिपणं काढली, झेरॉक्सचे पैसे पदरचे घातले आणि नमुन्यादाखल एक बॅग घरून भरून आणली. बॅगेत काय असावं आणि ती किती जड असावी, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पोरांच्या लक्षात राहतं, असा माझा समज होता. लक्षात राहिलं. बॅगेचं नाही.

वजनाची भानगड आधी सांगतो. मुंबई-नैरोबीच्या आमच्या तिकिटावर २३ किलोची एक बॅग चालते. पण बेळगाव-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं की त्या विमानाचा नियम लागू होतो, आणि तो १५ किलोचा. सांबऱ्याच्या विमानतळावर काउंटरवर कुणी "पुढं केनियाला जायचंय हो" म्हणून गयावया केली, तरी उरलेल्या आठ किलोंचे पैसे भरायला लागतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर बहुधा शेवटपर्यंत मोठीच मर्यादा मिळते. नाहीतर सरळ रात्रीच्या बसनं मुंबई गाठावी. एवढं सोपं आहे. मी हे सांगत होतो, पोरं मोबाईलमध्ये होती, आणि तेवढ्यात सुभेदार आले.

सुभेदार आमच्या मंडळीतले नव्हेत. शेजारच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचे ते खजिनदार. नाताळात आम्ही त्यांच्या चाळीस खुर्च्या आणल्या होत्या, त्या अजून आमच्याच हॉलमध्ये होत्या. खुर्च्या मोजायला म्हणून ते आले आणि मोजता मोजता त्यातल्याच एकीवर बसले.

"काय चाललंय, मास्तर?"

"पोरं केनियाला निघालीत."

"म्हंजे काँगोच्या बाजूलाच की!"

सुभेदार नोकरीत असताना शांतिसेनेतून काँगोला जाऊन आलेले. त्यांच्या लेखी आफ्रिका म्हणजे काँगो आणि काँगोच्या आजूबाजूची शेतं. मी म्हटलं, मध्ये युगांडा नावाचा अख्खा देश आहे.

"असूदे. खानापूरला जाताना मदी देसूर लागतंयच की."

यावर पोरं हसली. मोबाईल खाली गेले. मी वीस मिनिटं घसा फोडत होतो त्यात एकही मोबाईल खाली गेला नव्हता.

"बॅग कुणाची ही?"

"नमुन्याची. म्हणजे माझीच."

"उगडा. किट लेआउट करा."

किट लेआउट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आता कायमचं माहीत झालं. सतरंजीवर सगळं सामान रांगेनं, एकेक वस्तू सुटी, लेबल वर करून मांडायचं आणि साहेबानं हातात काठी घेऊन त्यावरून फिरायचं. काठी नव्हती म्हणून सुभेदारांनी पडद्याची दांडी घेतली.

"ह्ये काय?"

"मच्छरदाणी. औषध लावलेली. गादीखाली खोचायची, नुसती सोडायची नाही."

"बरोबर. दोरी?"

"आहे. पाच मीटर."

"खिळे?"

"खिळे कशाला?"

"मास्तर, दोरी बांधणार कशाला? देवाला?"

पाळकसाहेब मागं उभे होते. तेही हसले. प्रार्थनेत कधी हसत नाहीत ते.

पुढं चार्जर. केनियात चौकोनी तीन दांड्यांचा प्लग लागतो, इंग्लंडसारखा. आपला गोल पिनांचा तिथं शिरत नाही, म्हणून मी दोन अ‍ॅडॉप्टर ठेवले होते. ते पास. पॉवर बँक मात्र पकडली गेली. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते. हे मीच पान दोनवर ठळक अक्षरात छापलं होतं आणि मीच ती खालच्या बॅगेत कोंबली होती. सुभेदारांनी ते पान मागवून घेऊन मोठ्यानं वाचलं.

मग शेंगदाण्याची चटणी, दोन किलो. कुंदा, एक किलो. चुरमुऱ्याचा चिवडा, प्लास्टिकच्या पिशव्यांतून. इथं मी जरा सावरलो, कारण केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. चिवडा डब्यात भरायचा, किंवा कापडी पिशवीत. पिशव्या मी मुद्दाम चूक दाखवायला ठेवल्या होत्या, असं मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. खरं म्हणजे बायकोनं भरल्या होत्या.

आणि मग चड्ड्या.

सुभेदारांनी त्या दांडीनं उचलल्या. एकेक करून. वर धरून. अकरा तरुण, त्यांत पाच मुली, पाळकसाहेब, पाळकबाई आणि हॉल झाडायला आलेल्या मावशी, एवढ्या सगळ्यांसमोर.

"किती?"

"सहा."

"सहा कशाला? तीन बास. एक अंगावर, एक दोरीवर, एक पाठीवरच्या पिठ्ठूत." मग पोरांकडे वळून, "आनि दोरीवर वाळलेली चड्डी इस्त्री केल्याबिगर घालायची न्हाई! वल्ल्या कपड्यावर माशी अंडी घालतीया. अळी कातड्यात शिरती. आमच्या एका जवानाच्या ढुंगनातनं..."

इथून पुढं पाच मिनिटं जे वर्णन झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण खरं आहे. आफ्रिकेच्या उष्ण भागात ती माशी आहे. थंड डोंगराळ भागात ती फारशी त्रास देत नाही, तरी कपडे आत वाळवावेत किंवा शिवणीसकट कडक इस्त्री करावी, गरमीनं अंडी मरतात. हे माझ्या टिपणात पान पाचवर होतं. कुणी वाचलं नव्हतं. सुभेदारांनी सांगितलं तेव्हा एका मुलीनं वही काढून लिहून घेतलं, वर खाली रेघ मारून.

मग वजन. पाळकबाईंनी घरातला बाथरूमचा काटा आणून दिला, चकतीवर काटा फिरणारा जुना. बॅग त्यावर आडवी ठेवली की चकतीच झाकली जाते, आकडा दिसत नाही. यावर उपाय आहे, तो मलाच माहीत होता आणि तोच माझ्या अंगाशी आला. आधी माणसानं बॅग घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग बॅग खाली ठेवून नुसतं उभं राहायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं.

"चला, चढा," सुभेदार म्हणाले.

मी म्हटलं, एखादा पोरगा चढू दे. "बॅग कुणाची?" झालं. बॅग कवटाळून मी चढलो. सुभेदार गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर घेतला आणि परेड मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "एकशे चौदा!" मी बॅग ठेवली. "सत्त्याऐंशी!" मग क्षणभर शांतता. सगळा हॉल वजाबाकी करत होता.

"सत्तावीस," कुणीतरी म्हणालं.

"बॅगेचं काय न्हाई, चार किलो निगतील," सुभेदार उठत म्हणाले. "पन ह्ये?" आणि दांडीचं टोक त्यांनी माझ्या दिशेनं केलं.

यानंतर माझा वर्ग संपला. उरलेली साडेचार पानं मी हसऱ्या तोंडांना वाचून दाखवली, म्हणजे न दाखवल्यासारखीच. त्या पानांत खरी गोम होती. केनिया म्हणजे ऊन, असं धरून पोरांनी बिनबाह्यांचे टीशर्ट भरलेत. एल्डोरेट समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे. महाबळेश्वर चढून वर अजून अर्धं महाबळेश्वर चढल्यासारखं. जुलैत तिथं सकाळी बादलीतलं पाणी अंगावर घेताना पोरांना आजी आठवेल. स्वेटर न्या, म्हणून मी तीनदा सांगितलं. एवढ्या उंचीवर पाणीही बुडबुडे आल्यावर निदान तीन मिनिटं उकळू द्यावं लागतं, कारण ते कमी तापमानाला उकळतं.

पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी, नाहीतर पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, ग्राह्य धरत नाहीत. ते कार्ड जाताना कुणी बघो न बघो, परत येताना आपलेच लोक बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सगळीकडे मिळत नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच देतात. चोर्ला घाटातून गोव्यातल्या वास्कोच्या केंद्रावर जायचं तर आधी फोन करून वार विचारायचा. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधीच सांगायचं. आणि कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथल्या तिथं ताडून बघायचा. आमच्यातल्या निम्म्यांच्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेळगाम', उरलेल्यांच्या 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं आमचं नाव बदललं. आम्ही घरात 'बेळगाव'च म्हणतो. एकाच बाकावर बसून मोठी झालेली पोरं कागदावर दोन गावांत जन्मलीत. परदेशातल्या अधिकाऱ्याला हे समजावताना सीमाप्रश्नात शिरू नका, असंही टिपणात आहे.

तिथली स्वाहिली भाषा फार अवघड नाही, हे मला कौतुकानं सांगायचं होतं. गाडीला गारी, पैशाला पेसा, आंब्याला एंबे, साबणाला सबुनी, विम्याला बिमा. चपाती ही चपातीच, कोशिंबिरीला कचुंबारी. समुद्रावरच्या व्यापारानं शब्द इकडून तिकडं नेलेत, काही अरबांनी दोन्हीकडे वाटलेत. फसगत होते ती वेळेत. तिथं तास सकाळी सहापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे शब्दशः एक वाजला, आणि घड्याळात वाजलेले असतात सात. 'सा ताटू', तीन, म्हणजे सकाळचे नऊ. तिथल्या मंडळीच्या एखाद्या वडीलधाऱ्यानं तीनला या म्हटलं आणि आपण दुपारी तीनला गेलो, तर हॉलला कुलूप. म्हणून नेहमी विचारून घ्यायचं, कुठल्या घड्याळाचे तीन. आणि उपासनेत पाहुण्यांना उभं करून चार शब्द बोलायला लावतात, न सांगता. 'ब्वाना असिफिवे' तोंडपाठ ठेवा, म्हणजे प्रभूची स्तुती असो. निदान पहिलं वाक्य तरी पडणार नाही.

उगाली आपल्या माणसाला जड नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कर्नाटकातल्या रागी मुद्देचा, म्हणजे नाचणीच्या गोळ्याचा, पांढरा भाऊ. उजव्या हातानं तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्यानं खड्डा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. परदेशी स्वयंसेवकांना ह्यातच दोन दिवस लागतात, आणि संडासात उकिडवं बसायला अजून दोन. आपण दोन्हीत पास होऊन उतरतो. फक्त तिखटाचं काय ते बघा. म्हणून ती दोन किलो चटणी.

१८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, तेव्हा त्यांना कुणी २३ किलो म्हणून अडवलं नव्हतं. त्यांनी किती पेट्या आणल्या हे मला माहीत नाही, पण त्यांना कुणी काट्यावर चढवलं नसावं. ते राहायला आले होते, दोन आठवड्यांसाठी नव्हे. आणि इथं मला खरंच राग येतो. आमच्या कार्यक्रमात 'शाळेची भिंत रंगवणे' असं कलम आहे. अकरा जणांच्या विमानभाड्यात तिथल्या रंगाऱ्यानं ती शाळा किती वेळा रंगवली असती, ह्याचा हिशेब मी समितीत मांडला, तर म्हणाले, "मास्तर, पोरांना अनुभव हवा." अनुभव हवा तर आमच्याच हॉलची उत्तरेची भिंत तीन पावसाळे पोपडे धरून आहे, ती रंगवा. तिला कुणी अनुभव म्हणत नाही. चटणी वाटणं, मुलांबरोबर अक्षरं गिरवणं, तिथल्या बायांबरोबर वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलणं, हे ठीक. पण भिंत?

हे बोललो की मी नकारार्थी ठरतो. आता तर ८७ किलोंचा नकारार्थी.

परवा संध्याकाळी काटा परत द्यायला पाळकबाईंकडे गेलो. त्यांनी चहा टाकला, काटा जमिनीवर ठेवला आणि सहज म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही दोन वजा केलेत ना?"

"कसले दोन?"

"अहो, रिकामा असताना त्याचा काटा दोनवर असतो. खालचं चाक फिरत नाही म्हणून शून्यावर येत नाही. मी नेहमी दोन कमी धरते."

मी वाकून बघितलं. दोनवर होता. म्हणजे बॅग घेऊन खरं वजन ११२, नुसतं ८५. वजाबाकीत दोन्हीकडचे दोन उडून जातात, बॅग २७ ची २७ च. माझे तेवढे दोन किलो हॉलभर खोटे बोंबलले गेले होते.

तसाच निघून सुभेदारांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्च्या धूत होते, एकोणचाळीस. चाळिसावी कुठं आहे ते त्यांनी मला विचारलं. मी काट्याचं सगळं नीट समजावून सांगितलं, आकड्यांसकट.

त्यांनी नळ बंद केला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, दोन किलोनं काय व्हतंय?"