तक्रार केली, पुढे काय?

"अपील कर म्हणता, पण साहेबच अंगावर धावून येत असंल तर अपील कशाचं करू?" धरमपेठेतल्या ठेल्यावर दादा तर्री पोह्याची प्लेट हातात तशीच धरून बोलून राहिला होता. त्याच्या मोठेबाबांचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा. जजसाहेबांनी म्हाताऱ्याला भर कोर्टात "अक्कल आहे का" म्हणून झापलं, आणि त्यांच्या वकिलाचं म्हणणं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आलंच नाही.

आमच्यातला वकील म्हणाला, "भाऊ, दोन गोष्टींची गल्लत करू नको. निकाल चुकला तर वर जायचं. २०२१ च्या जानेवारीत पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा, तो 'त्वचेला त्वचा' निकाल, कपड्यांवरून हात लावला तर तो लैंगिक हल्ला नाही म्हणणारा, हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठातून आला, देशभर गदारोळ झाला. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, तो अपिलात. वागणूक वाईट असंल, पैसे खाल्ले असंल, तर तक्रार."

"कोणाकडे?"

"खालच्या कोर्टांवर घटनेच्या कलम २३५ नुसार हायकोर्टाचं नियंत्रण. तिथं अर्ज दे. प्रतिज्ञापत्र जोड. तारीख, शब्द काय होते, कोण हजर होतं, सगळं लिही. नुसतं 'अन्याय झाला' लिहिशील तर कोणी पाहणार नाही."

"अन् हायकोर्टाच्याच न्यायमूर्तीविरुद्ध असंल तर?" बँकवाल्यानं विचारलं.

तिथं गाडी अडते. १९९९ पासून न्यायव्यवस्थेची स्वतःची अंतर्गत पद्धत आहे. तक्रारीत तथ्य दिसलं तर सरन्यायाधीश तिघा न्यायाधीशांची समिती नेमतात. पण ती कोणाला पदावरून काढू शकत नाही. त्यासाठी लोकसभेत १०० किंवा राज्यसभेत ५० खासदारांच्या सह्या, मग वेगळी चौकशी, मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींवरचे बरेच आरोप चौकशीत सिद्ध झाले, तरी सत्ताधारी खासदार मतदानापासून दूर राहिले आणि प्रस्ताव पडला. २०११ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेनं ठराव केला, लोकसभेची पाळी यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

आमच्यातले गुरुजी चिडले. "मग काय, रोज हरलेल्या माणसानं जजवर अर्ज ठोकायचा? घाबरलेला जज सरकारविरुद्ध निकाल देईल का?"

त्यांची भीती खरी आहे. चौकशीआधी नाव चव्हाट्यावर येऊ नये, हे मलाही पटतं. पण त्या अंतर्गत समितीचा अहवाल गोपनीयच राहील, असं सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे तक्रार बंद झाली तर का झाली, कोणाला विचारलं, काय सापडलं, हे ज्यानं तक्रार केली त्यालाही कळायचा मार्ग नाही. न्यायाधीश रोज कारणं देऊन निकाल लिहितात. त्यांच्याविरुद्धची तक्रार फेटाळताना दोन ओळींचं कारण तक्रारदाराला दिलं, तर कोणाचं स्वातंत्र्य जातं? उलट खोटी तक्रार असेल, तर तेच कारण त्या न्यायाधीशाची ढाल होईल.

"कारण दिलं की लोक त्यावरही भांडतील," गुरुजी म्हणाले.

भांडू द्या ना. आज काहीच कळत नाही, म्हणून लोक मनानंच ठरवून टाकतात की सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. ते जास्त वाईट.

गुरुजी काही मानले नाहीत. दादाचं मात्र ठरलं होतं. सोमवारी रोजनाम्याच्या नकलेचा अर्ज टाकतो म्हणाला. वकिलानं त्याला बजावलं, "आधी त्या दिवशी कोर्टात बसलेल्या दोघांना गाठ, त्यांचीही प्रतिज्ञापत्रं लागतील."