असांदेत, साताऱ्याचो आसा

परवाच्या रविवारी मला भर थेटरात गप्प बसायला सांगण्यात आलं. मला! सिनेमा चालू असताना ज्याने कधी फोन उचलला नाही, शिंक आली तर रुमालात कोंडून तिचा तिथल्या तिथे जीव घेतला, त्या मला. आणि सांगितलं कुणी, तर टॉर्च धरलेल्या वीसेक वर्षांच्या पोराने.

सिनेमा होता 'दशावतार'. १२ सप्टेंबर २०२५ला लागल्यापासून जाऊ जाऊ म्हणत होतो. त्या एका दिवशी तीन मराठी चित्रपट आले. भावकीत एकाच मुहूर्तावर तीन लग्नं, माणसाने जेवायचं कुठे? त्याच वर्षी १ मेलाही 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय' असेच एकमेकांच्या उरावर येऊन बसले होते. मी दोन्ही पाहिले. 'गुलकंद'ला भरपूर हसलो आणि पार्किंगमध्ये स्कूटर सापडेपर्यंत विसरलो. 'आता थांबायचं नाय'मध्ये मुंबई पालिकेचे सफाई कामगार दहावीला बसतात. निकालाच्या वेळी माझ्या पोटात गोळा आला, तेवढा स्वतःच्या दहावीलाही आला नव्हता. त्याबद्दल मी ओळखीच्या किमान अकरा जणांचं डोकं खाल्लं. सिनेमा बघायचा, मत बनवायचं आणि ते लोकांना ऐकवायचं, एवढी एकच चैन मी करतो. दारू नाही, तंबाखू नाही.

तर ठाण्यातला एक मॉल, सकाळी सव्वानऊचा खेळ. मराठी सिनेमा तिसऱ्या आठवड्यात गेला की त्याला दूधवाल्याच्या वेळा मिळतात. तिकीट तीनशे वीस, वर ते घरबसल्या काढल्याबद्दलची दक्षिणा वेगळी. दारात माझी पाण्याची बाटली काढून घेतली. डबा उघडायला लावला, त्यात चष्मा निघाला.

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. पंचाहत्तरीचे, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकची पिशवी. दिवे मालवले आणि पिशवी वाजली. आल्याचा वास आला. मालवणी खाजं! माझी बाटली पकडणाऱ्यांच्या नाकाखालून या माणसाने पावशेर खाजं आत आणलं होतं. पडद्यावर कोकण उमटलं, त्याच क्षणी पहिली कांडी फुटली. कुर्रुम.

"ही वाट खय जाता, म्हायत आसा?"

मी मान हलवली. नाही, असं सांगण्यासाठी. त्यांनी ती सांगा, अशी घेतली.

त्यानंतर मी दोन सिनेमे पाहिले. एक समोर, दिलीप प्रभावळकरांचा. दुसरा उजव्या कानात. पडद्यावर झाड आलं की आजोबा झाडाचं नाव सांगत. घर आलं की कौलं कधी शाकारली असतील ते सांगत. मृदंग वाजला की खुर्चीच्या हातावर ठेका धरत. खुर्चीच्या त्या हातावर माझा हात होता. पखवाजाला शाई लावतात तशी माझ्या मनगटाला लावली असती, तर बोलही स्वच्छ निघाले असते.

"गाववाले, खयचे तुमी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"साताऱ्याचा," मी दात आवळून म्हणालो.

ते क्षणभर थांबले. मग कुणाच्या घरी वाईट बातमी कळल्यावर बोलावं तशा सुरात म्हणाले, "असांदेत." म्हणजे असू दे.

आणि एक खाजं माझ्या हातावर ठेवलं. अंधारात ते कुठे टाकणार? शर्टाच्या खिशात टाकलं.

बरं, माणूस अडाणी असता तर रागवायला सोपं गेलं असतं. मध्यंतरात कळलं की यांनी तरुणपणी सहा वर्षं दशावतारात, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट केले. मग मुंबईत गिरणीत लागले आणि ८२च्या संपात घरी बसले. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, कथा ठरते आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे. जो तो आपला रंग आपणच काढतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. हे सगळं पॉपकॉर्नच्या रांगेशेजारी उभं राहून त्यांनी सांगितलं. सांगताना पदर सारखा केल्यासारखा त्यांचा हात खांद्याकडे गेला, आणि मी नाही म्हटलं तरी हेलावलो. यांना चहा पाजावा, असंही वाटलं. मग काउंटरवरचा फलक वाचला आणि भावना आवरल्या. एकशे ऐंशी रुपयांत आमच्याकडे महिन्याची चहापत्ती येते.

पण हेलावणं मध्यंतरात. दिवे पुन्हा गेल्यावर आजोबांनी जाहीर केलं, "मी चौथ्यांदा बघतंय." म्हणजे आता पुढचं काय, तेही कळणार. कळलंच. प्रत्येक धक्क्याच्या दहा सेकंद आधी कोपर बसायचं, "आता बघ हां." पडद्यावर ८१ वर्षांचा नट जीव ओतून नाचतोय, आणि मी कोपराची वाट बघतोय.

शेवटी सहन होईना. पार्श्वसंगीत टिपेला पोचलं होतं, त्या आवाजात खपून जाईल म्हणून मी जरा चढ्या सुरात म्हणालो, "आजोबा, तुम्ही गप्प बसता का जरा!"

संगीत नेमकं 'आजोबा'ला थांबलं.

पुढचे सगळे शब्द शांततेत, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पुढच्या रांगेतल्या काकू वळल्या. "अहो, तुम्हाला बघायचा नसेल तर आम्हाला बघू द्या. एवढं वय झालेल्या माणसाशी असं बोलतात?" मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. टॉर्च आला तो थेट माझ्या तोंडावर. "सर, बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय."

मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी माझ्या वतीने हात वर केला.

"असांदेत रे," ते त्या पोराला म्हणाले, "साताऱ्याचो आसा."

पोराला ते पटलं. काकूंनाही पटलं. टॉर्च गेला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसा आहे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभावळकरांनी जीव काढलाय गं, पण मृदंगाच्या वाटेला जरा कमी आलंय." मला मृदंगातलं काय कळतं? उत्तरार्धात भाषणं जास्त झाली असं मला वाटत होतं, की तेही त्या कोपराचं मत होतं, आता सांगता येत नाही. सगळे मिळून साडेतीनशे रुपये मोजून मी दुसऱ्याचं मत घेऊन घरी आलो.

स्वतःचं मत व्हावं म्हणून दुसरा सिनेमा बघायला निघालो. 'साबर बोंडं'. सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला मराठी चित्रपट. आमच्या भागात त्याचा एकच खेळ होता, मंगळवारी दुपारी पावणेदोनला. पारितोषिक अमेरिकेत मिळतं आणि ठाण्यात तो बघायला अर्धी रजा टाकावी लागते. साहेबांना कारण काय सांगू? 'पोट बिघडलंय' लिहिलं. त्यांनी रजा नामंजूर केली आणि ओव्याचा अर्क पाठवला.

आणि ते खाजं. खिशातच राहिलं, शर्ट तसाच मशीनमध्ये गेला. गूळ विरघळून खिशाखाली तळहाताएवढा तांबूस डाग पडलाय. लाँड्रीवाला म्हणतो, जाणार नाही. प्रयत्न करतो, पण चाळीस रुपये वेगळे पडतील.